निवृत्त होणाऱ्या पोलीस मित्राच्या मानपत्राविषयी

महाड



पोलीस दलातून निवृत्त होणाऱ्या मित्राचे मानपत्र लिहिण्याचे काम चिरंजीव पुतण्याने स्वीकारले, हे फार चांगले झाले. मानपत्र म्हणजे सत्कारमूर्तीच्या कार्याची लेखी नोंद. ती समारंभात वाचली जाते आणि पुढे घराच्या भिंतीवर नातवंडांसमोर राहते, म्हणून तिच्यात विशेषणांहून काम अधिक दिसले पाहिजे. ‘कर्तव्यदक्ष’, ‘धडाडीचे’ आणि ‘मनमिळाऊ’ हे शब्द इतक्या मानपत्रांत येतात की नाव बदलूनही मजकूर तसाच चालतो, आणि ज्या मजकुरात कोणाचेही नाव बसते तो कोणाचाच गौरव करीत नाही.

राज्याच्या सेवेतील पोलीस अंमलदार नियत वयोमानानुसार, म्हणजे नियमांनी ठरवलेल्या वयोमर्यादेनुसार, 58व्या वर्षी निवृत्त होतो. शिपायाची भरती जिल्ह्याच्या दलात होत असल्यामुळे बदल्याही बहुधा जिल्ह्यातच होतात, आणि त्यामुळे महाड शहर, महाड तालुका, महाड एमआयडीसी व पोलादपूर अशा शेजारच्या ठाण्यांतून एकाच माणसाची बरीच वर्षे जातात. कोणत्या वर्षी कोणते ठाणे होते हे मित्राकडूनच विचारून घ्यावे. सेवापुस्तकात, म्हणजे नेमणुका, रजा आणि बक्षिसे यांच्या अधिकृत नोंदवहीत, याचा सांगाडा सापडतो. परंतु त्या वर्षांत महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांवर काय ओढवले हे त्यात नसते, आणि मानपत्राने नेमके तेच सांगावयाचे असते.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह इतर वाहने वाहून गेली. पुढचे कित्येक दिवस शोध चालला, मृतदेह प्रवाहाबरोबर दूर खाडीपर्यंत सापडत राहिले, आणि प्रत्येक मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष केलेली त्याच्या स्थितीची लेखी नोंद, होऊन ओळख पटल्यावरच तो नातेवाइकांच्या ताब्यात देता येत होता. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळून 30 जण दगावले, तेव्हा गिर्यारोहक दोरांच्या साहाय्याने दरीत उतरले. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. त्यानंतर वर्षही पुरते झाले नव्हते तोच 22 जुलै 2021 रोजी महाड शहर पुराने वेढले गेले, तळिये गावावर दरड आली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. तळियेत तर अनेकांचे मृतदेह मिळालेच नाहीत. अशा वेळी बचाव दलांची नावे वृत्तपत्रांत येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु यादी हातात घेऊन रडणाऱ्या माणसाला चार प्रश्न विचारणे, अंगठी किंवा सदऱ्यावरून ओळख पटवणे आणि कागद असा नेटका लिहिणे की वारसाला मदत मिळताना अडचण येऊ नये, हे काम स्थानिक अंमलदाराच्या वाट्याला येते, आणि ते करून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा ठाण्यात हजर होतो. मित्र यांपैकी ज्या ठिकाणी खरोखर नेमणुकीवर होता तेवढेच लिहावे. जेथे नव्हता तेथे त्याला उभे केल्यास ज्यांनी तेथे चिखल उपसला त्यांच्यावर अन्याय होईल, आणि प्रामाणिक माणसाला ते सभेत ऐकवणारही नाही.

महाडच्या चवदार तळ्यावरील बंदोबस्त, म्हणजे गर्दीच्या ठिकाणी नेमलेली पोलीस व्यवस्था, ही केवळ नित्याची ड्युटी समजून सोडू नये. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तळ्याचे पाणी घेतले, त्याच दिवशी परिषदेसाठी आलेल्या लोकांवर गावात हल्ले झाले, आणि तळ्यावरील हक्काचा दावा उच्च न्यायालयात 1937 साली सुटला. आज दरवर्षी 20 मार्चला हजारो लोक तेथे येतात आणि निर्भयपणे परत जातात. ज्या अंमलदाराने भर उन्हात तेथे उभे राहून त्यांना वाट करून दिली, त्याने राज्यघटनेचे काम केले, असे मानपत्रात स्पष्ट लिहावे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. निरोप समारंभात ‘यांचे नाव घेतले की गुन्हेगार थरथर कापत’ अशी वाक्ये टाळ्या घेतात आणि कधी मारहाणीचेही कौतुक होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात 1996 साली अटकेचे नियम घालून दिले. अटकेचा पंचनामा करावा, नातेवाइकास कळवावे, वैद्यकीय तपासणी करावी हे त्यांतील मुख्य. हे नियम ज्याने पाळले त्याचा गौरव त्या पाळण्यासाठीच व्हावा, कारण हाती अधिकार असताना हात आवरणे हे पोलिसाच्या नोकरीतले सर्वांत अवघड काम आहे. पीडितांची नावे तर भाषणात कधीही येऊ देऊ नयेत.

कोकणात गणपतीला चाकरमानी गावी येतात, महामार्ग भरून वाहतो, आणि म्हणूनच पोलिसाच्या स्वतःच्या घरी आरतीला तो नसतो; शिमग्याला पालखी दारी येते तेव्हाही तीच गत. ते सण इतकी वर्षे त्याच्या पत्नीने एकटीने निभावले आहेत. तिला व्यासपीठावर मित्राच्या शेजारी खुर्ची द्यावी, केवळ ओटी भरून परत पाठवू नये, आणि तिच्या कष्टांचा परिच्छेद मानपत्रात स्वतंत्र असावा. समारंभापूर्वी चिरंजीवाने मसुदा तिला वाचून दाखवावा, आणि जे वाक्य ती खरे नाही म्हणेल ते काढून टाकावे.