पत्ता मागणारें यंत्र आणि त्याचा निरोप्या

शाळेंतील संगणक सुरू करतांच तो दूरदूरच्या यंत्रांशीं बोलूं लागतो. परंतु तत्पूर्वीं त्याला स्वतःचा पत्ता मिळवावा लागतो, हें आपल्यापैकीं थोड्यांच्याच ध्यानांत येतें. पत्त्यावांचून पत्र घरीं पोंचत नाहीं, तसेंच आय.पी. पत्त्यावांचून संगणकास कोणाचें उत्तर येत नाहीं.

हे पत्ते आपोआप वाटण्याच्या रीतीस डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम प्रथम १९९३ सालीं प्रसिद्ध झाले व १९९७ सालीं सुधारून निघाले. पत्ते देणारा सर्व्हर कोठें आहे हें नवागत यंत्रास ठाऊक नसतें. म्हणून तें २५५.२५५.२५५.२५५ या सर्वांस उद्देशून असलेल्या पत्त्यावर हांक देतें. सर्व्हर एक पत्ता देऊं करितो, यंत्र तो मागून घेतें आणि सर्व्हर होकार देतो. हा पत्ता कायमचा नसतो, मुदतीच्या भाडेपट्ट्यानें मिळतो.

परंतु अशी हांक आपल्या विभागाच्या सीमेपलीकडे जात नाहीं. राउटर ती तेथेंच अडवितो. तसें न केल्यास मोठ्या जाळ्यांत प्रत्येकाची हांक प्रत्येकाच्या कानीं पडून गोंधळ माजेल. मग प्रत्येक विभागांत निराळा सर्व्हर ठेवावा काय? तो खर्च व ती देखरेख टाळण्यासाठीं निरोप्याची योजना आहे. तिचें मूळ १९८५ सालच्या बूटपी नामक रीतींत सांपडतें.

निरोप्याचें काम बहुधा राउटरच करितो. सर्व्हरचा पत्ता त्यास आधींच सांगून ठेवलेला असतो. हांक ऐकतांच तो अर्जांतील एका रिकाम्या रकान्यांत आपला त्या बाजूचा पत्ता, समजा १९२.१६८.२०.१, लिहितो आणि अर्ज थेट सर्व्हरकडे धाडतो. त्यावरून सर्व्हर अर्जदाराचा विभाग ओळखून त्याच विभागांतील पत्ता निवडतो व उत्तर निरोप्याच्याच हातीं देतो. वाटेंत दुसरा निरोप्या भेटल्यास तो पहिल्याचें लिहिणें पुसत नाहीं.

मागें एका शाळेच्या नव्या इमारतींत आम्हीं असा प्रसंग पाहिला. तेथील सर्व संगणकांनीं १६९.२५४ नें आरंभ होणारे पत्ते स्वतःच घेतले होते. म्हणजे त्यांची हांक कोणीच ऐकली नव्हती. मुलें तासभर स्वस्थ बसून राहिलीं, आणि नवीं यंत्रेंच सदोष ठरवून परत पाठविण्याची भाषा सुरू झाली. शोधाअंतीं कळलें, कीं राउटरला सर्व्हरचा पत्ता सांगावयाचाच राहून गेला होता. ती एक ओळ घालतांच सर्व यंत्रें चालूं लागलीं.

यावरून आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे : मुकें राहणारें यंत्र निरुपयोगीच असतें असें नाहीं, पुष्कळदां त्याचें म्हणणें पुढें नेणारा कोणी नसतो. शिवाय निरोप नुसता पोंचविणें पुरेसें नाहीं. तो कोठून आला हेंही सांगावें लागतें. वर्गांत मागें बसून न बोलणाऱ्या सोबत्याविषयींही हें ध्यानांत ठेवावें.