आदल्या रात्री फर्मवेअरला हात नको

नवा ट्रान्समीटर घेतलास, चांगलं केलंस. आता डब्यातले जुने रिसीव्हर एकेक काढून लॅपटॉपला जोडायला बसशील, त्याआधी थोडं ऐकून घे. लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर हे कोणी समजावत बसणार नाही. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण रिक्षावाल्यापासून रेझिस्टरवाल्यापर्यंत कोणीही तसं म्हणत नाही.) तिथे गर्दी असते, आणि जुना जागा करण्यापेक्षा नवा विकणं सोपं असतं.

पहिल्यांदा हे बघ, की अपडेट खरंच हवंय का. बऱ्याचदा नकोच असतं. फ्लायस्कायचा एफएस-आय6 आपल्याकडे घरोघरी दिसतो. त्याच्याशी जुना आर6बी बाइंड होत नाही म्हणून पोरं फर्मवेअर शोधत फिरतात. अरे, मेनूत रिसीव्हर सेटअपमध्ये जा आणि एएफएचडीएस 2ए बंद कर. जुना रिसीव्हर पहिल्या एएफएचडीएसवर चालतो, ट्रान्समीटर 2ए बोलतोय, मग जुळणार कसं? एवढंच दुखणं असतं, आणि ते एका खुणेने बरं होतं.

तुझा नवा ट्रान्समीटर चार-चिपचा मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूलवाला असेल तर काम आणखी सोपं. फ्रस्कायच्या जुन्या डी8 रिसीव्हरसाठी फ्रस्काय डी निवड, डी16 च्या जुन्या आवृत्तीसाठी फ्रस्काय एक्स, नव्या 2.1 साठी फ्रस्काय एक्स2. रिसीव्हरला हात न लावता बदल ट्रान्समीटरमध्ये, तोही मॉडेलपुरता. फक्त फ्रस्कायसाठी फ्रिक्वेन्सी फाइन-ट्यून करून घे. दोन्ही टोकांना संपर्क कुठे तुटतो ते बघून मधला आकडा ठेव. हे न करता 'मल्टीची रेंज कमी' म्हणणारे पुष्कळ आहेत.

आणि तो क्रिस्टलवाला 27 मेगाहर्ट्झचा संच? त्यात फर्मवेअरच नाही. जुन्या दिवसांत एकाच मैदानावर दोघांचं क्रिस्टल सारखं निघालं की एकाचं विमान जमिनीवर येणार हे ठरलेलं. 2005 साली सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. आता कोणी क्रिस्टल विचारतही नाही. तो संच कपाटात राहू दे.

आता फ्रस्कायचं, कारण खरी गल्लत तिथेच होते. 2019 सरता सरता कंपनीने एसीसीएसटी डी16 ची नवी आवृत्ती काढली. ती हौसेपोटी नव्हती. क्वचित प्रसंगी बिघडलेला संदेश रिसीव्हर खरा धरायचा आणि सर्व्हो भलतीकडे वळायचा. विमानाच्या एलेव्हेटरला असं झालं तर पुढचं सांगायला नको. त्यामुळे ही आवृत्ती घेण्यासारखी आहे. पण जुनी एक आणि नवी दोन एकमेकींशी बोलत नाहीत. ट्रान्समीटरच्या आतल्या मॉड्यूलमध्ये नवी टाकलीस की तुझे सगळे जुने डी16 रिसीव्हर त्याच क्षणी मुके झाले, फक्त समोरचा नव्हे. म्हणून एकतर सगळे बदल, नाहीतर एकही नको. 'आज एक्स8आर करतो, बाकीचे नंतर' असं म्हणणाऱ्याचं नंतर कधी येत नाही.

त्यातच दुसरी मेख आहे. फाइल दोन प्रकारची असते, एक एफसीसी आणि एक एलबीटी. 2015 पासून युरोपात 'आधी ऐका, मग बोला' हा नियम लागू झाला, त्यातून एलबीटी आली. इथे दोन्ही जातींचा माल मिळतो, कोणी परदेशातून येताना आणलेला, कोणी मागवलेला. ट्रान्समीटर एका जातीचा आणि रिसीव्हर दुसऱ्या जातीचा असेल तर आवृत्ती बरोबर असूनही दिवा लालच राहतो. तेव्हा फाइल उतरवताना तीन गोष्टी जुळव: रिसीव्हरचं नेमकं नाव, आवृत्ती, जात. एक्सएम+ ची फाइल एक्स4आर ला चालत नाही, दोन्ही कितीही सारखे वाटोत. स्वस्तात 'फ्रस्कायला चालणारा' म्हणून घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरला तर फ्रस्कायची फाइल दाखवूसुद्धा नकोस. त्याचं फर्मवेअर त्याच्या कंपनीकडे मिळालं तर मिळालं, नाहीतर तो मल्टीवरच चालव.

केबल. इथे नीट लक्ष दे, कारण चूक झाली तर धूर निघतो. फ्रस्कायच्या जुन्या टॅरॅनिस ट्रान्समीटरमध्ये मागच्या मॉड्यूलच्या खणात पाच पिना असतात. खालची शेवटची एस.पोर्टची, तिच्यावर ग्राउंड, त्याच्यावर बॅटरीची प्लस. सर्व्होच्या वायरीत मात्र क्रम ग्राउंड, प्लस, सिग्नल असा असतो. म्हणून सरळ सर्व्हो केबल चालत नाही. एका टोकाला लाल आणि काळी यांची अदलाबदल करावी लागते. पिन सोडवायला कनेक्टरची प्लास्टिकची जीभ टाचणीने हळूच उचल, जोर करू नकोस, तुटते. केबल झाली की मल्टिमीटर लाव आणि डोळ्यांनी नव्हे, मीटरने खात्री कर. मग त्या केबलला पांढरी पट्टी बांध आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नकोस.

त्या प्लसच्या पिनेवर ट्रान्समीटरच्या बॅटरीचा पूर्ण दाब असतो, सात-आठ व्होल्ट. एक्स8आर तेवढा सोसतो, पण त्याला लावलेले सहा व्होल्टचे सर्व्हो सोसतीलच असं नाही. म्हणून फ्लॅश करताना रिसीव्हरवरचं सगळं काढ: सर्व्हो, ईएससी, जायरो. ईएससी लावून वर उड्डाणाची बॅटरीही जोडलीस तर दोन वीजपुरवठे समोरासमोर येतात. तेही नको. ट्रान्समीटरची बॅटरी पूर्ण भरलेली असू दे. आणि गिरगावात समुद्राची हवा कनेक्टरच्या पिनांना सोडत नाही. हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे. अर्धवट टेकलेली पिन म्हणजे अर्धवट गेलेली फाइल.

फाइल ट्रान्समीटरच्या एसडी कार्डाच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये टाक, पण त्याआधी अख्खं कार्ड लॅपटॉपवर उतरवून ठेव. मॉडेलांच्या सेटिंगची नक्कलही घे. ट्रान्समीटर ओपनटीएक्सवरून एजटीएक्सवर नेणार असशील तर हे दुप्पट महत्त्वाचं.

एक्सप्रेसएलआरएस वापरत असशील तर तिथे केबल नाही, वायफाय आहे. रिसीव्हरला वीज दे, ट्रान्समीटर बंद ठेव. साधारण मिनिटभराने दिवा भराभर लुकलुकतो आणि रिसीव्हर स्वतःचं वायफाय सुरू करतो. फोनवरून जोड, ब्राउझरमध्ये 10.0.0.1 लिही. फोनचा मोबाइल डेटा बंद कर, नाहीतर इंटरनेट नाही म्हणून फोन आपणहून पळतो आणि तू रिसीव्हरला नावं ठेवतोस. इथेही आवृत्ती दोनवाला आवृत्ती तीनवाल्याशी बोलत नाही, दोन्ही टोकं एकाच मोठ्या आकड्यावर हवीत. बाइंडिंग फ्रेज अक्षरशः तीच टाक. वायफायवर रिसीव्हर तापतो, वारा लागू दे, काम झालं की वीज काढ. नऊशेवाला संच असेल तर सेटिंगमध्ये भारताचा 866 चा पर्याय निवड. 915 आपल्याकडे चालत नाही.

मोटर लावलेलं कुठलंही मॉडेल या सगळ्यात टेबलावर असेल तर प्रॉप आधी काढ. हे मी दोनदा सांगणार नाही.

फ्लॅश झाल्यावर पुन्हा बाइंड कर आणि लगेच फेलसेफ नव्याने बसव. जुनं सेटिंग तसंच राहिलं असेल असं धरून चालू नकोस. 'होल्ड' ठेवलंस आणि संपर्क तुटला तर थ्रॉटल होता तिथेच राहतो आणि विमान तुझ्याविना पुढे जातं. बसवल्यावर ट्रान्समीटर खरोखर बंद करून बघ, थ्रॉटल शून्यावर जातो का. तू विमानवाला नसून रोबोवाला असलास तरी हे चुकत नाही. माटुंग्याच्या व्हीजेटीआयच्या टेक्नोव्हान्झात किंवा कुठेही रोबोवॉरला उतरशील, तिथे ट्रान्समीटर बंद झाल्यावर यंत्र थांबलंच पाहिजे.

मग रेंज. ट्रान्समीटर रेंज-चेकवर टाक, ताकद मुद्दाम कमी होते, आणि मोकळ्या जागेत तीस मीटर चालत जा. चाळीच्या गॅलरीत लोखंडी कठडे आणि भिंती असतात, तिथला आकडा खरा मानू नकोस. आकडा पडला तर फर्मवेअरला दोष देण्याआधी अँटेना बघ. टोकाचा उघडा भाग साधारण 31 मिलिमीटर असतो. तो दुमडला, कापला गेला किंवा कार्बनच्या नळीवर टेपने चिकटवला असेल तर कुठलीही आवृत्ती वाचवणार नाही. दोन अँटेना असतील तर काटकोनात ठेव.

हे सगळं घरी, निवांत, उड्डाणाच्या निदान आठवडाभर आधी का, ते सांगतो. मुंबईत तुला उडवायला मिळणार नाही. ड्रोन, रिमोटवरची हलकी विमानं, पॅराग्लायडर यांच्यावर मुंबई पोलीस वारंवार मनाई आदेश काढतात. शिवाजी पार्कात किंवा चाळीच्या गच्चीवर 'फक्त दोन मिनिटं' म्हणूनही उडवू नकोस. बाहेर जायचं तर हवाई नकाशावर हिरवा भाग बघून, जागेच्या मालकाला विचारून, पहाटेची गाडी पकडून जावं लागतं. तिथे पोचल्यावर रिसीव्हर मुका निघाला तर ना केबल, ना लॅमिंग्टन रोड. म्हणून आदल्या रात्री नवी आवृत्ती दिसली तरी कार्ड बाहेर काढायचं नाही. जे चालतंय तेच घेऊन जायचं.

काम झालं की प्रत्येक रिसीव्हरवर छोटी पट्टी चिकटव आणि बारीक मार्करने लिही: आवृत्ती, जात, तारीख. वहीतही तेच. सहा महिन्यांनी डब्यात पाच काळे चौकोन सारखेच दिसतात आणि तुझी आठवण माझ्याहून चांगली असेल असं मला वाटत नाही.

मध्येच केबल निसटून फ्लॅश अडकलं तर घाबरू नकोस, रिसीव्हर मेला असं लगेच धरू नकोस. बूटलोडर बहुधा शाबूत असतो. वीज काढ, पिना पूस, तीच योग्य फाइल पुन्हा टाक. पण दोन-तीनदा अडून मग कसाबसा उठलेला रिसीव्हर विमानात लावायचा नाही. तो गाडीत लाव. गाडी भिंतीवर आपटली तर बंपर जातो, विमान पडलं तर खाली कोण उभं असेल ते आपल्याला ठाऊक नसतं.