ॲलन पेज : मैदानातून न्यायासनापर्यंत



खेळाडूंची चरित्रं आपण वर्गात सांगतो ती बहुतेक जिद्द, सराव आणि पदक याच वाटेने जातात. आज ज्या खेळाडूची माहिती देत आहे त्यांच्याकडे हे सगळं आहेच. पण त्यांच्या आयुष्याला वळण देणारा एक प्रसंग मैदानावर नाही, बैठकीच्या खोलीत घडला आणि तो वाचनाचा आहे. म्हणून हा पाठ खेळाच्या तासाला न घेता भाषेच्या तासाला घ्यावा, असं माझं मत.

नाव ॲलन पेज. जन्म ७ ऑगस्ट १९४५, अमेरिकेतील ओहायो राज्यातलं कँटन शहर. ते अमेरिकन फुटबॉलमधले बचावपटू. आधी हा खेळ थोडक्यात समजून घेऊ, नाहीतर मुलं पहिल्याच मिनिटाला विचारतील, "सर, फुटबॉल हाताने कसा खेळतात?"

तर हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं किंवा पुढे फेकायचा. मैदानात दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा हे ठरवतो तो क्वार्टरबॅक. समोरचा संघ त्याला अडवतो, आणि विशेष म्हणजे आक्रमणाचे खेळाडू वेगळे, बचावाचे वेगळे. पेज यांची जागा होती डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेत मधोमध. कबड्डीत चढाई करणारा आपल्या अंगणात येतो आणि आपण पकड करतो. इथे उलटं आहे. समोर धिप्पाड गड्यांची भिंत असते, ती फोडून आत घुसायचं आणि क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधी त्याला खाली पाडायचं. याला सॅक म्हणतात. हे सगळं दोन-तीन सेकंदांत!

पेज यांची उंची सहा फूट चार इंच, वजन सुमारे ११० किलो. ताकद होतीच, पण त्यांचं खरं वैशिष्ट्य म्हणजे पहिली उडी. चेंडू हलला की समोरचा अजून उभा राहतोय तोवर हे त्याच्या बाजूने निघून गेलेले असत.

शिक्षण नोत्र दाम विद्यापीठात झालं. तिथल्या संघाने १९६६ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्यात पेज होते. १९६७ मध्ये राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वर्षी मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक संघाने त्यांना पहिल्या फेरीत निवडलं. वायकिंग्जचा गणवेश जांभळा. पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन या चौघांची पुढची रांग इतकी भयंकर होती, की लोकांनी तिला 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणजे 'माणसं खाणारे जांभळे' असं नाव ठेवलं. मुलांना हे नाव जाम आवडतं. १९७१ मध्ये पेज संपूर्ण लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले बचावपटू, आणि त्यांच्यानंतर आजवर फक्त एकाच बचावपटूला, १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर यांना, तो मिळालाय. एरवी कौतुक चेंडू फेकणाऱ्याचंच होतं.

अपयशही सांगितलं पाहिजे. वायकिंग्ज चार वेळा सुपर बोल या अंतिम सामन्यात पोहोचले आणि चारही वेळा हरले. चारही सामन्यांत पेज खेळले. आणखी एक गंमत म्हणजे लीगने सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली १९८२ मध्ये, आणि पेज निवृत्त झाले १९८१ मध्ये. त्यामुळे दीडशेच्या आसपास सॅक करूनही अधिकृत यादीत त्यांच्या नावापुढे काहीच नाही.

आता तो प्रसंग. वायकिंग्जमध्ये असताना बचावफळीच्या एका बैठकीत प्रशिक्षकांनी खेळाडूंना प्लेबुकमधला भाग आळीपाळीने मोठ्याने वाचायला सांगितला. प्लेबुक म्हणजे संघाच्या सगळ्या चालींची जाडजूड वही. काहींनी घडाघडा वाचलं. काही अडखळले. आणि काहींना वाचताच येईना! पेज यांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. हे काही शाळा सोडलेले लोक नव्हते. हायस्कूल करून, कॉलेजात चार वर्षं काढून आलेले, देशातले उत्तम खेळाडू होते. म्हणजे बारा आणि चार अशी सोळा वर्षं ते कुणा ना कुणाच्या वर्गात बसले होते.

मला इथे थांबावंसं वाटतं. सोळा वर्षं हे कसं काय लपलं असेल? प्राथमिकच्या शिक्षकाला याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जावं लागत नाही. आपल्या वर्गातही एखादं मूल धडा सुरेख म्हणतं, बोटही ओळीवरून फिरवतं, पण बोट एका शब्दावर आणि तोंड दुसऱ्या. ऐकून पाठ केलेलं असतं. एखादं नेमकं वाचनाच्या वेळी पाणी प्यायला जातं. एखादं शेजाऱ्याचं ओठ बघून म्हणतं. आणि ते मूल खेळात चमकणारं असेल तर? तालुक्याला कबड्डीचा संघ न्यायचाय, मुलगा उत्तम पकड करतो, मग "असू दे हो, त्याचं खेळात होईल" असं आपणच म्हणतो. त्यात आपला प्रेमळपणा असतो, नाही असं नाही. पण त्या खोलीतल्या खेळाडूंच्या बाबतीतही प्रत्येक पायरीवर कुणीतरी असंच प्रेमाने पुढे ढकललं असणार. धडधाकट, गाजलेली माणसं, आणि समोर वही उघडली की घाम. व्यावसायिक फुटबॉलचं आयुष्य बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षांचंच असतं. गुडघा गेला की संपलं. त्यानंतर करार, बँकेचे कागद, औषधाची चिठ्ठी, हे सगळं वाचायचं कुणी?

पेज स्वतः शिकतच राहिले. लहानपणी टीव्हीवरच्या पेरी मेसन या वकिलाच्या मालिकेमुळे त्यांना वकिली आवडू लागली होती. खेळायला लागल्यावर एकदा त्यांनी विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि काही आठवड्यांतच सोडून दिला. हे मुलांना जरूर सांगा. पुढे १९७५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा प्रवेश घेतला आणि १९७८ मध्ये, वायकिंग्जकडून खेळता खेळता, कायद्याची पदवी मिळवली. त्याच काळात खेळाडूंच्या संघटनेतही ते पुढे होते. खेळाडूला संघ बदलताना जाचक ठरणाऱ्या नियमांविरुद्ध लीगला कोर्टात खेचणाऱ्या खेळाडूंमध्ये त्यांचं नाव आहे.

याच सुमारास त्यांच्या पत्नी डायन यांनी सिगारेट सोडण्यासाठी पळायला सुरुवात केली, आणि पेजही सोबत पळू लागले. लांब पल्ल्याचं पळणं वाढलं तसं वजन उतरलं. प्रशिक्षक बड ग्रँट यांना हे पटलं नाही. १९७८ च्या हंगामाच्या मध्यातच वायकिंग्जने त्यांना मोकळं केलं. शिकागो बेअर्सने अवघे १०० डॉलर शुल्क भरून त्यांना घेतलं. बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक होते नील आर्मस्ट्राँग (चंद्रावर गेलेले ते वेगळे!), पूर्वी वायकिंग्जच्याच बचावाचे प्रशिक्षक. त्यांना हा माणूस माहीत होता. पेज तिथे १९८१ पर्यंत खेळले, आणि १९७९ मध्ये खेळत असतानाच त्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. सलग २१८ सामने, एकही न चुकवता, अशी ही कारकीर्द आहे.

निवृत्तीनंतर पूर्णवेळ वकिली आणि १९८५ पासून मिनेसोटाच्या महाधिवक्ता कार्यालयात नोकरी. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं आणि मिनेसोटात तिथले न्यायाधीश निवडणुकीने निवडले जातात. १९९२ मध्ये पेज यांना ज्या जागेसाठी उभं राहायचं होतं तिची निवडणूक पुढे ढकलली गेली. ते न्यायालयात गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि मग निवडणूकही जिंकले. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. जानेवारी १९९३ पासून ऑगस्ट २०१५ पर्यंत, म्हणजे वयाच्या सत्तरीपर्यंत, त्यांनी हे काम केलं. २०१८ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्य पदक मिळालं.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९८८. त्या वर्षी त्यांना फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. हे स्मारक कँटनलाच आहे, आणि शाळकरी वयात पेज यांनी त्याच्या बांधकामावर मजूर म्हणून काम केलं होतं! सत्काराच्या वेळी आपली ओळख करून द्यायला खेळाडू सहसा आपला प्रशिक्षक, वडील किंवा जुना सहकारी बोलावतात. पेज यांनी बोलावलं विलरीन बीझली यांना. त्या मिनियापोलिसमधल्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापिका होत्या. फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर एक मुख्याध्यापिका! आणि भाषणातही पेज सामन्यांबद्दल नाही, शिक्षणाबद्दलच बोलले.

त्याच वर्षी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू झालं. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी ते शिष्यवृत्ती देतं. अट मात्र आहे. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने वर्षातले किमान ५० तास लहान मुलांसोबत घालवायचे, त्यांना अभ्यासात मदत करायची. मदत कॉलेजच्या मुलांना आणि काम प्राथमिकच्या मुलांसोबत, ही रचना मला फार आवडते. वाचनाची गळती जिथे सुरू होते तिथेच माणसं उभी केलीत.

वर्गात घेताना एक सुचवतो. गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना धडा पहिल्यापासून वाचायला लावू नका. मधलाच एखादा परिच्छेद द्या, शक्यतो न शिकवलेला, आणि एकेकाला जवळ बोलावून हळू आवाजात वाचायला सांगा. चारचौघांत नको. प्लेबुकचा तो प्रसंग आपल्याला वर्गात पुन्हा घडवायचा नाहीये. पालकांनी घरी किराण्याची यादी किंवा बसची पाटी वाचायला दिली तरी चालेल.

पहिली-दुसरीसाठी गोष्ट करंगळीपासून सुरू करा. खेळताना दुखावून पेज यांची करंगळी काटकोनात वाकली ती कायमची. शाळेत गेले की मुलं आधी तीच बघायची. शेवटी त्यांनी मुलगी कामी हिच्यासोबत त्या करंगळीवर मुलांसाठी चित्रांचं पुस्तकच लिहिलं. कामी प्राथमिक शिक्षिका आहे.