इंग्लंडातील ऐतिहासिक स्थळे : विद्यार्थ्याने ती कशी पाहावीत?

तुमच्यापैकी काही जण पुढेमागे उच्च शिक्षणासाठी इंग्लंडास जातील. तेथील विद्यापीठांत सत्रे सुरू असताना अभ्यासाचा ताण पुष्कळ असतो. तथापि शनिवार-रविवार मोकळे मिळतात आणि नाताळ व ईस्टर या सणांच्या सुमारास दीर्घ सुट्ट्या येतात. अशा वेळी प्रत्येक विद्यार्थ्याचे पाय साहजिकच तेथील किल्ले, राजवाडे, प्रार्थनामंदिरे आणि संग्रहालये यांच्याकडे वळतात. हे पाहणे ज्ञानाचे साधन कसे होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या दृष्टीने इंग्लंड हा इतर देशांसारखा केवळ एक परका देश नव्हे. त्या देशाने आपल्यावर दीर्घकाळ राज्य केले. त्यामुळे तेथील स्मारकांसमोर उभे राहिलेल्या भारतीय तरुणापुढे दोन मोह उभे राहतात. एक, त्या वैभवाने दिपून जाऊन आपल्याकडील सर्व काही क्षुद्र मानण्याचा. दुसरा, जुन्या अन्यायाच्या आठवणीने मन इतके कडू करून घेण्याचा की समोरच्या वस्तूतील चांगलेही दिसेनासे व्हावे. या दोहोंपासून वाचण्याचा उपाय एकच; तो म्हणजे पुरावा तपासण्याची सवय. कोणत्याही ऐतिहासिक स्थळी गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत. हे केव्हाचे आहे? हे कोणी आणि कशासाठी उभारले? आणि याविषयी जे सांगितले जाते त्यास आधार काय? हे तीन प्रश्न घेऊन आपण काही प्रसिद्ध स्थळे पाहू.

प्रथम टॉवर ऑफ लंडन हा थेम्स नदीकाठचा किल्ला घेऊ. 1066 मध्ये नॉर्मंडीचा सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकले. त्यानंतर काही वर्षांनी त्याने या किल्ल्यातील ‘व्हाइट टॉवर’ हा प्रचंड बुरूज बांधण्यास घेतला, आणि सुमारे 1100 पर्यंत तो पुरा झाला. त्याची उंची सुमारे 27 मीटर आहे. त्यासाठी काही दगड समुद्रापलीकडील नॉर्मंडीतून आणविला होता. हा खटाटोप कशासाठी? बाहेरच्या शत्रूपासून रक्षण हा हेतू होताच. पण नुकत्याच जिंकलेल्या लंडनवासीयांवर जरब बसविणे हाही तितकाच मोठा हेतू होता. ज्या इंग्रजांनी पुढे जगाच्या सुमारे एक चतुर्थांश भागावर अंमल गाजविला, तेही एकदा जेत्याच्या बुरुजाच्या छायेत राहिले होते, ही गोष्ट त्या भिंतीच आपणांस सांगतात.

याच किल्ल्यात डोमकावळे पाळलेले आहेत. हे कावळे किल्ला सोडून गेले तर राज्य बुडेल, अशी आख्यायिका असून ती सतराव्या शतकातील दुसऱ्या चार्ल्स राजापर्यंत नेली जाते. परंतु इतिहाससंशोधकांनी कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा या कावळ्यांचे लेखी उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी आढळेनात. ज्या कथेस आपण साडेतीनशे वर्षांची समजतो ती बहुधा दीडशे वर्षांचीही नसावी! कथा ऐकावी, तिची गोडी अवश्य घ्यावी. पण वहीत तिची नोंद ‘आख्यायिका’ या सदराखाली करावी.

किल्ल्यातील रत्नशाळेत भारतीय पाहुणा ज्या एका हिऱ्यापाशी हमखास थबकतो तो म्हणजे कोहिनूर. 1937 मध्ये तयार झालेल्या राणीच्या मुकुटात तो बसविलेला आहे. तेथे तिसरा प्रश्न विसरू नये. 1849 मध्ये पंजाब खालसा झाला, तेव्हा लाहोरच्या तहातील कलमान्वये हा हिरा इंग्लंडच्या राणीस देण्यात आला. आणि तो देणारे महाराज दलीपसिंग त्या वेळी अवघ्या दहा वर्षांचे होते. दहा वर्षांच्या, पराभूत राज्याच्या मुलाने केलेल्या तहास ‘स्वखुशीची देणगी’ म्हणता येईल काय, याचे उत्तर द्यावयास फार मोठा कायदेपंडित लागत नाही. येथे संतापापेक्षा ही तारीख आणि हे वय यांचेच बळ अधिक आहे.

टॉवरपासून नदीच्या काठाकाठाने पश्चिमेस गेले की वेस्टमिन्स्टर लागते. तेथील पार्लमेंटची इमारत पाहून ती मध्ययुगातील असावी असे कोणासही वाटेल. वस्तुतः जुना राजवाडा 1834 च्या आगीत जवळजवळ सर्व जळाला, आणि आजची इमारत ही त्यानंतर प्राचीन गॉथिक धर्तीवर उभारलेली एकोणिसाव्या शतकातील रचना आहे. ज्यास सारे जग ‘बिग बेन’ म्हणते ते नाव मुळात मनोऱ्याचे नसून त्यातील मोठ्या घंटेचे आहे. मनोऱ्यास 2012 मध्ये एलिझाबेथ टॉवर असे नाव देण्यात आले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची भव्य इमारत ज्यांनी पाहिली असेल त्यांस या दोन वास्तूंतील भाऊबंदकीचे नाते चटकन ओळखता येईल, कारण दोन्ही त्याच गॉथिक पुनरुज्जीवनाची अपत्ये होत.

त्या आगीतून जे वाचले ते वेस्टमिन्स्टर हॉल हे सभागृह मात्र खरोखरीच प्राचीन आहे. ते 1097 ते 1099 या काळात बांधले गेले, आणि त्याचे सुप्रसिद्ध लाकडी छत चौदाव्या शतकाच्या अखेरचे आहे. 1649 मध्ये इंग्रजांनी आपल्याच राजाला, पहिल्या चार्ल्सला, येथे आरोपी म्हणून उभे केले आणि देहान्ताची शिक्षा दिली. याच ठिकाणी 1788 पासून 1795 पर्यंत वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालला. हाच तो गव्हर्नर जनरल, ज्याच्या कारकीर्दीत पहिले इंग्रज-मराठे युद्ध झाले आणि 1782 मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने ग्वाल्हेरजवळील सालबाई येथे झालेल्या तहाने ते संपले. हिंदुस्थानातील त्याच्या वर्तनाबद्दल त्याच्याच देशबांधवांनी त्यास जाब विचारला, ही गोष्ट त्यांच्या न्यायबुद्धीस भूषणावह आहे. सात वर्षांनंतर तो निर्दोष सुटला, हेही नमूद करावयास हवे. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहिता येणे, याचेच नाव निःपक्षपात. शेजारच्या कॉमन्स सभेत दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून निवडून आले होते. हेच दादाभाई 1874 मध्ये बडोदे संस्थानचे दिवाण होते, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसते.

आता सेंट पॉलचे प्रार्थनामंदिर. 1666 च्या सप्टेंबरात लंडन शहर चार दिवस जळत होते. त्यात जुने मंदिर नष्ट झाले. त्या जागी क्रिस्टोफर रेन या गणिती आणि स्थापत्यकाराने 1675 ते 1710 या काळात नवे मंदिर उभारले. त्याच्या घुमटाचे रहस्य असे की तो एक नसून तीन आहेत. आतून दिसणारा घुमट वेगळा, बाहेरून दिसणारा शिसे मढविलेला लाकडी घुमट वेगळा, आणि दोहोंच्या मध्ये, कोणासही न दिसणारा, माथ्यावरील दगडी मनोऱ्याचा भार पेलणारा विटांचा शंकू. शोभा दिसते ती बाहेरच्याची. काम करतो तो मधला!

या घुमटाच्या आत एक सज्जा आहे. त्याच्या भिंतीशी केलेली कुजबुज पलीकडच्या टोकास ऐकू येते, म्हणून पर्यटकांस त्याचे मोठे नवल वाटते. बेळगावकडील विद्यार्थ्यांस मात्र ते तितकेसे वाटू नये, कारण विजापूरचा गोल घुमट त्यांच्या परिचयाचा असतो. मोहम्मद आदिलशहाची ती कबर सतराव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे सेंट पॉलच्या घुमटापूर्वी अर्ध्या शतकाहून अधिक काळ, बांधली गेली. तिच्या घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे 44 मीटर, तर सेंट पॉलचा सुमारे 34 मीटर. यावरून कोण श्रेष्ठ हा वाद घालण्याचे कारण नाही. वर्तुळाकार भिंतीलगत ध्वनी सरकत जातो, हा निसर्गनियम विजापुरास आणि लंडनला सारखाच लागू आहे, आणि दोन्हीकडच्या कारागिरांची बुद्धी एकाच तोलाची होती, एवढे ध्यानात आले म्हणजे पुरे. असे ध्यानात येण्यासाठी मात्र परदेशी जाण्यापूर्वी आपल्या घराजवळचे पाहिलेले असावे लागते.

ग्रीनिच येथील वेधशाळा 1675 मध्ये स्थापन झाली. 1884 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तेथून जाणारे रेखावृत्त शून्य अंशाचे मानले. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. पृथ्वी एका तासात 15 अंश फिरते, म्हणून आपली वेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे. भूगोलाच्या तासाला केलेले हे गणित तेथे प्रत्यक्ष पायांखाली येते. लोक त्या रेषेच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवून छायाचित्रे काढून घेतात. पण आज उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणारे यंत्र तेथे नेले, तर शून्य अंश त्या रेषेवर नव्हे, तिच्या पूर्वेस सुमारे 102 मीटरवर दाखविला जातो! जुन्या दुर्बिणीची उभी दिशा स्थानिक गुरुत्वाकर्षणावरून ठरविलेली होती आणि ती किंचित कललेली असते. उपग्रहांचे मोजमाप पृथ्वीच्या मध्यापासून होते. यात जुन्या शास्त्रज्ञांचा दोष नाही. मोजण्याचे साधन बदलले की रेषाही सरकते.

लंडनच्या बाहेर, सॉल्झबरीच्या मैदानावरील स्टोनहेंज या शिलावर्तुळाचेही तसेच आहे. पूर्वीच्या ग्रंथांत ते ‘ड्रुइड’ नामक पुरोहितांनी बांधले असे लिहिलेले आढळे. आता असे ठरले आहे की तेथील मोठ्या शिला इसवी सनापूर्वी सुमारे 2500 वर्षांच्या सुमारास उभ्या केल्या गेल्या, म्हणजे ड्रुइडांच्या काळाच्या पुष्कळच आधी. त्यांपैकी बहुतेक मोठ्या शिला सुमारे 25 किलोमीटरवरील वनातून आणल्या, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. लहान निळसर शिला वेल्समधील डोंगरांतून, 200 किलोमीटरांहून अधिक अंतरावरून आल्या. आणि मधली तथाकथित ‘वेदीशिला’ तर स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील आहे, असे 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. चार हजारांहून अधिक वर्षे मुक्या राहिलेल्या शिला आज नव्याने बोलत आहेत. म्हणून जाण्यापूर्वी जुन्या पुस्तकाबरोबर नवे पुस्तकही वाचावे.

पुरावा तपासण्याची खरी कसोटी मात्र परक्यांच्या आख्यायिकांपाशी नव्हे, आपल्या प्रिय वस्तूंपाशी लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक वाघनख आहे. जुलै 2024 मध्ये ते तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आणून प्रथम साताऱ्यास लोकदर्शनासाठी ठेवण्यात आले. ते 1818 मध्ये साताऱ्यास नेमलेल्या जेम्स ग्रँट डफकडे होते, आणि त्याच्या पेटीवरील लेखात ते श्रीशिवछत्रपतींचे असल्याचे म्हटले आहे. पण प्रतापगडचा प्रसंग 1659 चा. मधल्या 159 वर्षांत ते कोठे होते याची साखळी जुळत नाही, म्हणून हेच ते शस्त्र असे खात्रीने सांगता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. हे वाचून मन क्षणभर खट्टू होईल. परंतु महाराजांचा पराक्रम एका पोलादी वस्तूवर अवलंबून नाही. तो समकालीन कागदपत्रांत आणि गडकोटांत भक्कमपणे उभा आहे. टॉवरच्या कावळ्यांना जो नियम लावला तोच आपल्या वाघनखास लावण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे, त्यालाच इतरांच्या दंतकथांना हसण्याचा अधिकार.

शेवटी एका साध्या घराचा उल्लेख करतो. उत्तर लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर क्रमांक 10 च्या घरात 1921-22 च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते प्रथम अमेरिकेस गेले. पुढे लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून 1917 मध्ये त्यांस परतावे लागले. 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि 1923 मध्ये डी. एस्‌सी. ही पदवी त्यांनी मिळविली. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले, आणि आता तेथे त्यांचे स्मारक आहे. तेथे रत्ने नाहीत की घुमट नाहीत. पण पैशाच्या अडचणीत परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास त्या जिन्यावर जे मिळेल, ते राजवाड्यात मिळणार नाही.

विद्यार्थ्याजवळ पैसा बेताचा असतो, हे खरे. पण ब्रिटिश म्युझियमसारख्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम संग्रहांस प्रवेशमूल्य नाही, आणि थोरांच्या घरांवरील निळ्या गोल पाट्या वाचीत रस्त्याने हिंडण्यास तर काहीच पडत नाही. एका दिवशी एकच स्थळ पाहावे. आधी वाचावे, तेथे पाहावे, परत आल्यावर लिहावे. वहीच्या पानाचे दोन भाग करून एका बाजूस ‘सिद्ध’ व दुसऱ्या बाजूस ‘ऐकीव’ असे लिहावे.

आणि या वहीचा आरंभ करण्यासाठी इंग्लंडला जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तुमच्या गावात एखादा पडका बुरूज, जुनी बारव, छत्री अथवा वाडा असेलच. येत्या रविवारी तेथे जा आणि तेच तीन प्रश्न विचारा. घरच्या वृद्ध माणसांनी सांगितलेले दुसऱ्या बाजूस लिहा, आणि त्यातील काय पहिल्या बाजूस आणता येईल याचा शोध घ्या.