गुऱ्हाळाचे धुराडे का तापते?

उसाच्या मुलखात वाढलेल्या मुलांस गुऱ्हाळ नवे नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत खेळू लागल्यावर येथे उसाची लागवड वाढली, आणि उसाबरोबर चुलवाणेही वाढली. ताजी काकवी, गरम गुळाचा खडा आणि काहिलीवरून उठणारी वाफ यांची आठवण आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांपाशी आहे. परंतु जी वस्तू नित्य डोळ्यांसमोर असते तिच्याविषयी विचार करण्याचे आपल्या मनात सहसा येत नाही.

गेल्या हंगामात आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन इंदापूर रस्त्यालगतच्या एका गुऱ्हाळास गेलो होतो. गुऱ्हाळाचे मालक आमच्याच एका विद्यार्थ्याचे वडील. त्यांनी चरकापासून ढेपेपर्यंत सर्व कृती मुलांस दाखविली. परत निघताना एक मुलगा धुराड्याजवळ गेला आणि त्याची आंच लागताच चटकन मागे सरला. तो म्हणाला, "सर, उकळायचा तर रस, मग हे धुराडे कशाला तापते?" मुले हसली. आम्ही हसलो नाही. कारण मोठमोठ्या कारखान्यांतील भट्ट्यांचे अभियंते जन्मभर ज्या प्रश्नाचे उत्तर शोधीत असतात, तो हाच प्रश्न होय. प्रस्तुत पाठात आपण त्याचा विचार करू.

प्रथम जमाखर्च मांडू. समजा, काहिलीत १०० किलो रस आहे आणि त्यापासून २० किलो गूळ व्हावयाचा आहे. म्हणजे सुमारे ८० किलो पाणी वाफ करून घालवावयाचे आहे. रस उकळीस येण्यास सुमारे ७,००० किलोकॅलरी उष्णता लागेल. पुढे एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणून ८० किलो पाण्यास सुमारे ४३,००० लागतील. एकूण खर्च ५०,००० किलोकॅलरी धरू. उन्हात चांगले वाळविलेले एक किलो चिपाड सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता देते. या हिशेबाने १४ ते १५ किलो चिपाडात काम भागावयास हवे. आता एखाद्या चुलवाणास किलोभर गुळामागे दोन किलो चिपाड लागत असेल, तर २० किलो गुळास ४० किलो चिपाड जळाले. जमा १,४०,००० आणि कामी आले ५०,०००. म्हणजे शंभरांतील छत्तीस भाग रसास मिळाले व चौसष्ट भाग वाया गेले. हे चौसष्ट भाग गेले कोठे?

पहिली गळती ओल्या चिपाडाची. चरकातून नुकत्याच निघालेल्या चिपाडात जवळजवळ अर्धे पाणी असते. असे एक किलो चिपाड जाळले म्हणजे आपण अर्धा किलो सरपण आणि अर्धा किलो पाणी आगीत टाकतो. त्या पाण्यास तापवून वाफ करण्यास सुमारे ३०० किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि ती वाफ गुळास यत्किंचितही उपयोगी न पडता धुराड्यातून निघून जाते. चिपाड वाळविण्याचे काम सूर्य फुकट करीत असताना ते अग्नीकडून करून घेणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरी गळती हवेची. अग्नीस हवा लागते हे लहान मुलासही ठाऊक आहे. पण किती लागते याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. एक किलो वाळलेले चिपाड पूर्ण जळण्यास सुमारे साडेपाच किलो हवा पुरते. चुलवाणाचे तोंड सदैव उघडे राहिले तर त्याच्या दुप्पट हवा आत शिरते. ही जास्तीची हवा काही जाळीत नाही. ती स्वतः मात्र तापते. धुराड्याशी तिचे तापमान ५०० अंश धरले, तर किलोभर चिपाडामागे ६०० हून अधिक किलोकॅलरी ती आपल्याबरोबर घेऊन जाते. म्हणजे चिपाडातील उष्णतेचा सहाव्या हिश्श्याहून अधिक भाग केवळ वारा तापविण्यात गेला.

तिसरी गळती धुराची. हवा गरजेहून कमी पडली तर चिपाड अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो. हा धूर म्हणजे न जळलेले सरपणच होय. शिवाय अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. जाळ घालणारा माणूस सारी रात्र तोंडाशी बसलेला असतो. त्याचे लाल डोळे आणि खोकला ही या गळतीची किंमत आहे, आणि ती कोणाच्याही खातेवहीत लिहिली जात नाही.

चौथी गळती आपल्या मुलाने हातानेच ओळखली. काहिलीखालून निघालेले वायू अद्याप अतिशय तप्त असताना ते धुराड्यात सोडून दिले जातात. यावर उपाय म्हणून एका काहिलीच्या ठिकाणी दोन, तीन वा चार काहिली एका ओळीत मांडण्याची रीत निघाली. जाळाच्या वरची काहील सर्वांत तप्त. पुढच्या काहिलीस उरलेली आंच मिळते. धुराड्याजवळच्या शेवटच्या काहिलीत नुकताच काढलेला थंड रस कोमट होत राहतो. जे वायू आभाळात जावयाचे, त्यांच्याकडून जाता जाता दोन कामे करून घेतली.

आता तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यातील भट्टीकडे वळू. मुंबईस माहुल येथे १९५४ साली स्टॅनव्हॅक कंपनीचा आणि १९५५ साली बर्मा-शेल कंपनीचा, असे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पुढे ते अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांकडे आले. अशा कारखान्यात खनिज तेल ३५० अंशांच्या आसपास तापवून मनोऱ्यात सोडतात, आणि तेथे त्याचे पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे भाग पडतात. तापविण्याची भट्टी म्हणजे एक उंच पोलादी खोली. तिच्या भिंतींस आतून उष्णतारोधक अस्तर असते, भिंतींलगत नळ्या असतात, आणि नळ्यांतून तेल वाहते.

या भट्टीचे दोन भाग असतात. खालच्या भागात ज्वालेची उष्णता मुख्यतः प्रारणाने, म्हणजे जसे सूर्याचे ऊन आपणापर्यंत पोहोचते तशी, नळ्यांवर पडते. स्टेफान या शास्त्रज्ञाने १८७९ साली दाखविले की, निरपेक्ष तापमान दुप्पट झाले तर प्रारण सोळापट होते. म्हणून ज्वाला जेथे प्रखर, तेथेच निम्म्याहून अधिक काम उरकते. वरच्या भागात तप्त वायू नळ्यांच्या दाट रांगांतून वाट काढीत जातात आणि अभिसरणाने उरलेली उष्णता देतात. त्या नळ्यांस पातळ पत्र्याचे पंख बसविलेले असतात, जेणेकरून उष्णता घेणारा पृष्ठभाग वाढावा. थंड तेल प्रथम या वरच्या भागात येते व मग खाली उतरते. विद्यार्थिमित्रांनो, धुराड्याजवळची कोमट रसाची काहील तुम्हांस आठवली असेलच. तत्त्व एकच आहे. फरक आहे तो मोजमापाचा. भट्टीवरील माणूस धुराड्यातील वायूत प्राणवायू किती उरला हे यंत्रावर सतत पाहतो. तो शंभरात दोन-तीन भाग असला तर हवा बेताची आहे. अधिक भरला तर झडप थोडी मिटावयाची. धुराड्यातील उष्णतेवर आत येणारी हवा तापवून घेण्याचीही सोय करतात. धुराड्यातून जाणाऱ्या वायूंचे तापमान सुमारे २० अंशांनी उतरले की भट्टीची कार्यक्षमता साधारण एका टक्क्याने वाढते. ऐंशी टक्क्यांची भट्टी नव्वदीवर आणली, तर जेथे १०० टन इंधन लागत होते तेथे सुमारे ८९ टन पुरते.

मग सगळीच उष्णता का काढून घेऊ नये? येथे लोभास आवर घालावा लागतो. इंधनात गंधक असेल, तर वायू फार थंड झाल्यावर आम्लाचे थेंब धरतात आणि पोलाद खातात. चुलवाणाच्या बाबतीत अडचण निराळी आहे. तेथे धुराडे हवा ओढते ते आतले वायू बाहेरच्या हवेहून हलके असतात म्हणूनच. ते अगदी निवाले तर ओढ थांबेल आणि जाळ विझू लागेल. तसेच आंच एकाच जागी एकवटून चालत नाही. भट्टीत ज्वाला नळीस चाटली तर आतले तेल करपून कोळशाचा थर धरते आणि अखेर नळी फुटते; काहिलीत तसे झाले तर गूळ करपतो. अग्नी मोठा करणे यापेक्षा त्याची वाटणी नीट करणे हे अधिक कठीण आणि अधिक मोलाचे काम आहे.

एक मोठी उधळपट्टी मात्र अजून सांगावयाची राहिली. काहिलीवरून आभाळात जाणारी पांढरी वाफ प्रत्येक किलोमागे ५४० किलोकॅलरी आपल्याबरोबर नेते. ही वाफ पुन्हा कामास लावण्याची युक्ती नॉर्बर्ट रिल्यू याने साधली. हा १८०६ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी जन्मला. त्याची आई आफ्रिकी वंशाची होती. पॅरिस येथे शिक्षण घेऊन तो मायदेशी परतला. त्या काळी तेथील उसाच्या मळ्यांवर गुलाम स्त्रीपुरुष उकळता रस पळ्यांनी एका उघड्या कढईतून दुसरीत ओतीत, आणि त्यांत भाजून निघत. रिल्यूने बंद भांड्यांची मालिका रचली. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातील रसास तापवी, दुसऱ्याची तिसऱ्यास; पुढच्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवल्याने तेथील रस कमी तापमानावरच उकळे. अशा तीन भांड्यांत एक किलो वाफ जवळजवळ तीन किलो पाणी घालविते. १८४३ व १८४६ साली त्याने आपल्या शोधाचे हक्क घेतले. आज जगातील साखर कारखाने याच तत्त्वावर चालतात. आपल्या माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांची उभारणीही याच तत्त्वावर झाली. वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखरेचा उद्योग उभारला आणि त्यातून वालचंदनगर वसले. तेथील यंत्रशाळेत पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री व बॉयलर तयार होऊ लागले. वाफेची अशी काटकसर केल्यावर कारखान्याचे बगॅस त्याचे स्वतःचे काम भागवून उरते, आणि उरलेल्यापासून वीज करता येते.

असो. पुन्हा आपल्या गुऱ्हाळाकडे येऊ. वर्गात हा हिशेब मांडल्यावर मुलांस स्वस्थ बसवेना. मालकांच्या संमतीने आम्ही पुन्हा तेथे गेलो, धुराड्यास पत्र्याची झडप बसविली, चुलवाणाच्या तोंडास झाकण केले आणि दोन्ही मिटून घेतली. थोड्याच वेळात काळ्या धुराने गुऱ्हाळ भरले, काहिलीची उकळी बसली आणि गुळव्या संतापला. "गुरुजी, पुस्तकातला जाळ पुस्तकातच राहू द्या!" असे तो सर्वांसमक्ष म्हणाला. चूक आमची होती. चिपाड ओलसर होते, राखेने जाळी बुजलेली होती, आणि अशा स्थितीत आम्ही हवा तोडली होती. आम्ही मुलांदेखत त्याची क्षमा मागितली.

त्यानंतर क्रम उलटा धरला. प्रथम चिपाड तीन-चार दिवस उन्हात पसरून वाळविण्याची सवय लावली. मग जाळीतील राख वेळोवेळी ओढून खालून हवेस वाट करून दिली. काहिलीच्या बुडाची काजळी खरवडली, कारण काजळीचा थर उष्णतेस अडवितो. चिपाड एकदम न कोंबता थोडेथोडे घालावयास सांगितले, आणि दोन घासांच्या मधल्या वेळी तोंडावर झाकण ठेवविले. सर्वांत शेवटी झडप बोटबोटभर मिटीत, धूर काळा होऊ लागण्याच्या अगोदर थांबविली. यावेळी गुळव्याने स्वतःच झडप हाती घेतली. धुराच्या रंगावरून आंच ओळखण्यात तो आम्हां सर्वांपेक्षा जाणता निघाला.

आम्ही वजने केली नाहीत, त्यामुळे किती बचत झाली हे आकड्यांत सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण आदल्या वर्षी चिपाड संपल्यामुळे मालकांनी बांधावरची एक बाभूळ तोडून चुलवाणात घातली होती. गेल्या हंगामाच्या अखेरीस मात्र चिपाडाची एक लहानशी गंजी शिल्लक होती. बांधावर दुसरी बाभूळ उभी आहे. जाळ घालणाऱ्या मामांनी आम्हांस एवढेच सांगितले, "गुरुजी, आता डोळे कमी चुरचुरतात."

पालकांस आमची विनंती आहे की, ज्यांची गुऱ्हाळे आहेत त्यांनी येत्या हंगामात आपल्या मुलांकडून खालील अभ्यास करवून घ्यावा. यास खर्च नाही. लागतो तो एक काटा, एक वही आणि थोडा धीर.

१. एका काहिलीस किती किलो चिपाड जळाले आणि किती किलो गूळ पडला, हे सलग सात दिवस लिहून ठेवा. एक किलो गुळामागे किती चिपाड लागले ते काढा.

२. दोन किलो ताजे चिपाड उन्हात वाळवून चार दिवसांनी पुन्हा तोला. किती पाणी सूर्याने नेले? तेवढेच पाणी अग्नीने नेले असते तर किती किलोकॅलरी खर्च झाल्या असत्या?

३. घरच्या चुलीवर एकाच भांड्यातील तेवढेच पाणी एकदा झाकण ठेवून व एकदा झाकणावाचून उकळा. लागलेला वेळ लिहा, आणि त्या फरकाचे कारण आईस समजावून सांगा.