जास्त हवा, जास्त शक्ती – आणि जास्त काळजी

मुंबईच्या रस्त्यांवरील काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे नाव काढले की डोळ्यांसमोर येते ती प्रीमियर पद्मिनी. मूळ आराखडा इटलीतील फियाट कंपनीचा. बांधणी मात्र आपल्या कुर्ल्याची. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार होई. या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिलाही निवृत्त व्हावे लागले.

पद्मिनीच्या एंजिनाचे आकारमान होते १,०८९ घन सेंटिमीटर आणि शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. महिंद्र कंपनीने २०२२ साली आपल्या एका छोट्या गाडीत बसवलेल्या पेट्रोल एंजिनाचे आकारमान आहे १,१९७ घन सेंटिमीटर. शक्ती मात्र १३० अश्वशक्ती! डबा जवळजवळ तेवढाच, पण काम तिपटीहून अधिक. हे कसे साधले? आणि त्याची किंमत कोठे मोजावी लागते? या लेखात आपण या दोन प्रश्नांचा विचार करू.

एंजिन म्हणजे हवेचा पंप

पेट्रोल जाळून एंजिन चालते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पेट्रोल जाळायला हवा लागते हे बहुतेकजण विसरतात. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तितके ओतता येईल. अडचण असते ती हवेची.

आता पद्मिनीचाच हिशेब करू. मुंबईच्या ३०-३२ अंश तापमानात १ लिटर हवेचे वजन सुमारे १.१५ ग्रॅम भरते. १.०८९ लिटरच्या चार सिलिंडरांत मिळून १.२५ ग्रॅम हवा मावेल. पण झडपा आणि नळ्या यांच्या अडथळ्यामुळे जुन्या एंजिनात तीन चतुर्थांशच भरते, असे धरू, म्हणजे ०.९४ ग्रॅम. तिच्याबरोबर सुमारे ०.०६५ ग्रॅम पेट्रोल जळेल. १ ग्रॅम पेट्रोलपासून ४४ किलोज्यूल उष्णता मिळते, म्हणून एका भरण्यातून २.८५ किलोज्यूल मिळतील. चार-धावी एंजिन मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० वेळा भरले जाते. एकूण उष्णता झाली सेकंदाला ११४ किलोज्यूल. तिच्यातील जेमतेम चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. म्हणजे सुमारे २९ किलोवॅट, अर्थात साधारण ४० अश्वशक्ती. पहा, कारखान्याच्या आकड्याशी आपला हिशेब जुळला!

यावरून शक्ती वाढवण्याचे मार्गही दिसतात. एंजिन मोठे करा, ते जलद फिरवा किंवा त्याच सिलिंडरात अधिक हवा कोंबा. तिसरा मार्ग म्हणजेच अतिभरण. हवा दाबून भरणारा पंप एंजिनाच्याच दंडावरून पट्ट्याने किंवा दातेरी चाकांनी फिरवला तर त्याला सुपरचार्जर म्हणतात. बाहेर पडणाऱ्या जळलेल्या वायूंच्या जोरावर तो फिरवला तर तो होतो टर्बोचार्जर. महिंद्रच्या एंजिनात टर्बोचार्जर आहे.

एकाच एंजिनाची दोन रूपे

सुपरचार्जरने काय फरक पडतो हे पाहण्यासाठी एक चांगले उदाहरण आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने २००८ साली जॅग्वार-लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली. पुढच्याच वर्षी त्या कंपनीचे आठ सिलिंडरांचे, ५ लिटरचे नवे एंजिन बाजारात आले. ते दोन रूपांत मिळत असे: एक साधे आणि एक सुपरचार्जर लावलेले.

साधे एंजिन : ३८५ अश्वशक्ती, पीळ ५१५ न्यूटन-मीटर, संपीडन गुणोत्तर ११.५.
सुपरचार्जरसहित : ५१० अश्वशक्ती, पीळ ६२५ न्यूटन-मीटर, संपीडन गुणोत्तर ९.५.

शक्ती ३२ टक्क्यांनी वाढली आणि पीळ २१ टक्क्यांनी. पण तिसरा आकडा कमी का केला? दट्ट्या खाली असताना आणि वर असताना सिलिंडरात राहणाऱ्या जागांचे प्रमाण म्हणजे संपीडन गुणोत्तर. ते जितके अधिक तितके एंजिन काटकसरी. मग अभियंत्यांनी ते मुद्दाम का उतरवले? याचे उत्तर एका शब्दात आहे: उष्णता.

सायकलचा पंप काय सांगतो?

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दहा-बारा वेळा जोराने पंप मारा. पंपाचे खालचे टोक गरम लागेल. थोडी उष्णता घर्षणाची असते. पण हवा दाबली की ती तापते हे मुख्य कारण.

समजा, ३२ अंशांची हवा सुपरचार्जरने १.८ पट दाबली. आदर्श पंपातही तिचे तापमान सुमारे ८८ अंश होईल. प्रत्यक्षातला पंप ६५ टक्के कार्यक्षम धरला तर ते ११८ अंशांपर्यंत जाईल. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणून दाब १.८ पट झाला तरी घनता १.४ पटच होते. निम्मा फायदा वायाच गेला! यावर उपाय म्हणजे एंजिनापूर्वी हवा थंड करणे. तीच हवा ५५ अंशांपर्यंत निववली तर घनता १.६७ पट होते. वर सांगितलेल्या ५ लिटर एंजिनात त्यासाठी पाण्याने थंड होणारे दोन शीतक बसवलेले आहेत.

गरम हवेचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. सिलिंडरातील मिश्रण फार तापले तर ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा उरलेला भाग आपोआप भडकतो. हातोडी मारल्यासारखा खडखड आवाज येतो आणि दट्ट्या व धारवे यांवर आघात होतात. असे वारंवार झाले तर दट्ट्याला भोकही पडू शकते. म्हणून संपीडन गुणोत्तर उतरवून सुरक्षिततेची जागा ठेवावी लागते.

शिवाय सुपरचार्जर फुकट फिरत नाही. आपल्या उदाहरणात हवेचे तापमान ८६ अंशांनी वाढले. मोठ्या एंजिनातून पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे ०.४ किलो हवा जाते असे धरले तर ती दाबण्यासाठी ३४ किलोवॅट लागतील. म्हणजे एवढ्या एंजिनाचा नुसता पंप फिरवायला एक अख्खी पद्मिनी जुंपावी लागेल!

टर्बोचार्जरला ही शक्ती वाया जाणाऱ्या वायूंतून मिळते. पण त्याचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि पेट्रोल एंजिनात त्याच्यावर येणारा वायू ९०० अंशांच्याही वर तापू शकतो. शिवाय पाय दाबल्यावर चक्र वेग घेईपर्यंत क्षणभर वाट पाहावी लागते.

आकड्यांत न दिसणारी गोष्ट

आता दर लिटरमागची शक्ती काढू. पद्मिनी ३७, साधे पाच-लिटर एंजिन ७७, सुपरचार्जरसहित १०२, महिंद्रचे १०९. हा आकडा वाढतो तसा प्रत्येक भागावरचा ताण व उष्णताही वाढते. म्हणून अशा एंजिनांत दट्ट्याच्या खालच्या बाजूवर वंगण तेलाची धार सोडतात, मजबूत धातू वापरतात, खडखड ऐकून ठिणगीची वेळ मागे घेणारा विद्युत् मेंदू बसवतात.

पण भाग वाढले की बिघडण्याच्या जागाही वाढतात. समजा, एका भागाने वर्षभर न बिघडता टिकण्याची शक्यता ०.९९ आहे आणि कोणताही एक भाग बिघडला तरी गाडी थांबते. असे १० भाग असतील तर गाडी वर्षभर धडधाकट राहण्याची शक्यता ०.९९ चा दहावा घात, म्हणजे ०.९०. भाग २० झाले तर ती ०.८२ वर येते. ती पूर्वीइतकी ठेवायची तर प्रत्येक भाग अधिक चांगला करावा लागतो आणि त्याची निगाही तितकीच काटेकोर ठेवावी लागते. रोजच्या फेऱ्यांवर घर चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याला ४० अश्वशक्ती का पुरली, याचे एक उत्तर येथे आहे. गाडी एक दिवस बंद म्हणजे एक दिवसाची कमाई बंद. साधे एंजिन कोपऱ्यावरचा मिस्त्रीही उघडू शके.

या बाबतीत फियाटचाच इतिहास बोलका आहे. १९२३ च्या जुलैमध्ये फ्रान्समधील तूर येथील शर्यतीत फियाटने सुपरचार्जर लावलेल्या तीन गाड्या उतरवल्या. वेगात त्यांना तोड नव्हती, पण एकही शेवटपर्यंत पोहोचली नाही. रस्त्यावरची धूळ आणि खडी सुपरचार्जरमध्ये ओढली गेली, हे त्याचे एक मोठे कारण होते. दोनच महिन्यांनी सुधारलेल्या सुपरचार्जरनिशी फियाटने मोंझा येथील शर्यत जिंकली आणि सुपरचार्जरवाल्या गाडीचा ग्रां प्री शर्यतीतील तो पहिला विजय ठरला. मोठा फरक पडला तो टिकाऊपणात.

उपनगरातील कसोटी

घाटकोपरहून मुलुंडकडे लालबहादूर शास्त्री मार्गाने संध्याकाळी जाणारी गाडी शर्यत धावत नाही. ती थांबत, सरकत जाते. समोरून वारा नाही, भोवती गरम दमट हवा. अशा वेळी शीतकांची खरी परीक्षा असते. म्हणून अतिभरण केलेल्या एंजिनात हवेची गाळणी स्वच्छ ठेवणे, ठरलेल्या प्रतीचे वंगण तेल वेळेवर बदलणे, शीतक पाण्याची पातळी पाहणे आणि सांगितलेल्या प्रतीचेच पेट्रोल भरणे यांना पर्याय नाही. साध्या एंजिनावर बाहेरून सुपरचार्जर चढवण्याचा मोह तर टाळलेलाच बरा, कारण त्याचे संपीडन गुणोत्तर, दट्टे आणि शीतक त्या ताणासाठी आखलेले नसतात.

पावसाळ्याची एक सूचना सर्वच एंजिनांना लागू आहे. अंधेरीच्या भुयारी मार्गासारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी शिरले असेल तर दट्ट्याचा दांडा वाकतो आणि एंजिन निकामी होते.

तेव्हा जाहिरातीत अश्वशक्तीचा मोठा आकडा पाहिलात की दर लिटरला किती, संपीडन गुणोत्तर किती आणि हवा थंड करण्याची सोय कोणती, हे प्रश्न जरूर विचारा.

जाता जाता एक गणित: वरील उदाहरणात शीतक बिघडून हवा ५५ ऐवजी ८० अंशांवर आली, तर घनता किती पट राहील? तापमान केल्व्हिनमध्ये घेण्यास विसरू नका.