गुडघा निसटतो का?

मी डाव्या कोपऱ्यातून कबड्डी खेळायचो. गावच्या जत्रेतल्या सामन्यात चढाईपटूचा घोटा धरायला झेपावलो, तेव्हा पाय मातीत रोवलेलाच राहिला आणि अंग वळलं. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी चोळून घेतला, गोळ्या घेतल्या. तीन आठवड्यांत सूज उतरली, दुखणं थांबलं. मी बरा झालो असं मलाही वाटलं आणि संघालाही.

जिना उतरताना गुडघा मधूनच निसटायचा. पण दुखत नाही ना, मग कशाला बाऊ करायचा? नी-कॅप चढवायची, सामन्याआधी एक वेदनाशामक गोळी घ्यायची, असे दोन महिने काढले. मग एका पकडीत गुडघा अडकला तो सरळच होईना. एमआरआय काढला. एसीएल तुटलेला होता, बहुधा त्या पहिल्याच दिवशी. गुडघ्यातला हा अस्थिबंध नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही, वळताना गुडघा सांभाळतो. तो नसताना खेळत राहिल्यामुळे आतली गादीही फाटली होती. ते नुकसान माझ्या घाईचं.

शस्त्रक्रियेत मांडीमागचा स्नायुबंध काढून एसीएलच्या जागी बसवला. सहाव्या महिन्यात मी न दुखता धावत होतो, तरी फिजिओंनी मैदानात उतरू दिलं नाही. बसवलेला बंध मुरायला वेळ लागतो. दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबतं. निदान ९ महिने व्हायला हवेत आणि त्या पायाची ताकद, एका पायावरची लांब उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरायला हवी. या वेळी मी ऐकलं.

खेळणाऱ्या मुलामुलींनो, सरावानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, दोन-तीन दिवसांत मोकळ्या होतात. त्याला घाबरू नका. पण सांध्यात आवाज होऊन सूज आली, सांधा निसटला किंवा अडकला, तर खेळ तिथेच थांबवा. ताजी दुखापत चोळू नका. गोळीने दुखणं दाबून मैदानात उतरू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि प्रशिक्षकांना हात जोडून विनंती : ‘दुखतंय का?’ एवढ्यावर थांबू नका, ‘गुडघा निसटतो का?’ हेही विचारा. मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी खरं सांगितलं असतं.